जाहिरातीचे पान फाडू नका

जाहिरात म्हटली की आपल्याकडचा सुशिक्षित माणूस नाक मुरडतो. मासिक हाती आले की तो आधी अनुक्रमणिका पाहतो, मग कथा, मग कविता. जाहिरातींची पाने मात्र बोटही न टेकवता उलटून टाकतो. वर्षाअखेर अंक बांधायला काढले की पहिली गदा याच पानांवर येते. पुठ्ठ्यात जाडी कमी भरावी, मजकूर तेवढा राहावा, म्हणून जाहिरातींचे फर्मे वेगळे काढून रद्दीत घालायचे, ही रीत घरोघरी होती आणि अनेक ठिकाणच्या ग्रंथालयांतही होती. साहित्य तेवढे जपायचे आणि बाजार तेवढा फेकायचा, असा त्यामागचा विचार. विचार वरवर सात्त्विक आहे. पण तो चुकीचा आहे, असे माझे मत आहे. निदान एका प्रकारच्या जाहिरातीच्या बाबतीत तरी तो आपल्याला फार महाग पडला आहे. ती जाहिरात म्हणजे सिनेमाबाहेरच्या गाण्यांच्या ध्वनिमुद्रिकांची.

भावगीत, अभंग, नाट्यपद, ख्याल, पोवाडा असे जे जे संगीत चित्रपटाच्या पाठबळावाचून उभे राहिले, त्याला श्रोत्याच्या दारापर्यंत येण्यासाठी मासिकाचे पान हाच बहुधा रस्ता होता. आणि पानावर सूर ऐकू येत नाही. तिथे जे काही करायचे ते चित्राने, अक्षराने आणि मोकळ्या सोडलेल्या जागेने करायचे. डोळ्यांवाटे कानाला हाक मारण्याचे हे काम कोणी कसे केले, याचा इतिहास त्या रद्दीत गेलेल्या पानांत होता.

पुण्या-मुंबईच्या वाचकाला याचे महत्त्व कदाचित तितकेसे जाणवणार नाही. गल्लीच्या तोंडाशी रेकॉर्डचे दुकान, दुकानात मराठी गाणे, संध्याकाळी मैफल. त्याला जाहिरात वाचली काय नि न वाचली काय, सारखेच. आपली गोष्ट निराळी. नल्लकुंटा, काचीगुडा, बरकतपुरा, सुलतान बझार या वस्त्यांतून पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांचा विचार करावा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुने हैदराबाद राज्य विभागले गेले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि आपण आपल्या जागीच राहून परप्रांतीय झालो. इथल्या दुकानांच्या काचेमागे गझल होती, कव्वाली होती, तेलुगू चित्रपटांची गाणी होती, हिंदी चित्रपटांची तर होतीच. त्यात दुकानदाराचा दोष नाही; जे खपते ते तो ठेवतो. पण नवे मराठी भावगीत निघाले आहे, ते अमक्या कवीचे आहे, अमक्याने गायिले आहे, ही वार्ता इथवर पोहोचायची ती टपालाने येणाऱ्या 'किर्लोस्कर', 'स्त्री', 'मनोहर', 'मौज', 'हंस' यांच्या पानांवरून आणि दिवाळी अंकांतून. जाहिरातीखाली बारीक टायपात तबकडीचा क्रमांक असे. तो चिठ्ठीवर उतरवून घ्यावा आणि मुंबईकडे जाणाऱ्याच्या हाती द्यावा, हाच खरेदीचा सोपा मार्ग. मुंबईकराला ती जाहिरात होती. आपल्याला ती दुकानाची खिडकी होती.

कोणी म्हणेल, रेडिओ होता ना! होता. निजामाच्या राज्यात १९३५ पासून रेडिओ होता आणि १९५० मध्ये तो आकाशवाणीत सामील झाला. पण आकाशवाणी त्या काळी जाहिराती घेत नसे. १९५२ ते १९६२ ही दहा वर्षे बा. वि. केसकर केंद्रात माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री होते. चित्रपटगीतांना त्यांनी आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार केले आणि सुगम संगीताला जागा करून दिली. परिणाम असा झाला की हिंदी गाण्यांचा श्रोता रेडिओ सिलोनकडे गेला, आणि अमीन सायानींच्या 'बिनाका गीतमाले'ने बुधवारची रात्र काबीज केली. सिलोनला जाहिरात चाले. पण तिथली मिरास हिंदी चित्रपटाची. पुढे ३ ऑक्टोबर १९५७ रोजी 'विविध भारती' सुरू झाली, आणि तिच्यावर जाहिराती आल्या त्या थेट १ नोव्हेंबर १९६७ पासून, तेही प्रथम मुंबई-पुणे-नागपूरकडे. म्हणजे मराठी भावगीत ज्या काळात बहरले, त्या काळात त्याची बाजू मांडणारे साधन मुख्यतः छापील पान हेच होते.

चित्रपटाच्या गाण्याला या पानाची तशी गरज नव्हती. त्याच्यामागे थिएटर होते, रस्त्यावर रंगवलेले फलक होते, नटनट्यांचे चेहरे होते. किंबहुना या चेहऱ्यांनी गाणाऱ्याला झाकूनच टाकले. १९४९ च्या 'महल' चित्रपटातील लता मंगेशकरांचे प्रसिद्ध गाणे प्रथम तबकडीवर आले तेव्हा तिथे लताबाईंचे नाव नव्हते. 'कामिनी' हे पडद्यावरच्या पात्राचे नाव छापले होते. जिने गायिले ती अदृश्य, जी ओठ हलवते ती दृश्य! या पार्श्वभूमीवर भावगीताची साधी जाहिरात पाहावी. एक लहानसे लंबगोल छायाचित्र, खाली गायकाचे किंवा गायिकेचे नाव, पुष्कळदा कवीचे नाव, गाण्याचे पहिले शब्द, क्रमांक. डामडौल नाही; पण लबाडीही नाही. जो गातो त्याचाच चेहरा. सिनेमाबाहेरच्या संगीताने जाहिरातीला दिलेली ही पहिली देणगी आहे, आणि ती लहान नव्हे.

गाणाऱ्याच्या चेहऱ्याचा हा प्रवास मोठा मनोरंजक आहे. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग १९०२ मध्ये कलकत्त्यास आला आणि त्याने गौहर जानचे गाणे मुद्रित केले. त्या तबकड्यांच्या शेवटी बाई स्वतःचे नाव इंग्रजीत मोठ्याने सांगतात. यात मिजास किती हा भाग सोडा. मुद्रण इथे व्हायचे आणि तबकड्या निघायच्या जर्मनीतल्या हॅनोव्हरला. तिथल्या कामगाराला हिंदुस्थानी गाण्यातले काय कळणार! नाव ध्वनीतच असले म्हणजे लेबल चुकत नसे. कलकत्त्याच्या सियालदह येथे कारखाना निघाला तो १९०८ मध्ये. म्हणजे आरंभी जाहिरात तबकडीच्या पोटातच होती, कानाने ऐकायची. लवकरच ती डोळ्यांकडे आली. जडजवाहिराने मढलेल्या गौहर जानची छबी ऑस्ट्रियात तयार होणाऱ्या काड्याच्या पेट्यांवर झळकली. आपल्याकडे बालगंधर्वांची लुगड्यातली छबी साबण-पावडरीसारख्या वस्तूंवरही आली. गायक माणूस चित्र बनला तो असा.

पुढच्या पिढीत चित्राचा रोख बदलला. महाराष्ट्रात स्त्रीने तिकीट लावून जाहीर मैफल करण्याचा प्रघात ज्यांनी रूढ केला, त्या हिराबाई बडोदेकरांची छायाचित्रे डोळ्यांसमोर आणावी. दोन्ही खांद्यांवरून घेतलेला पदर, मोजके दागिने, शांत मुद्रा. गौहर जानचे चित्र 'पाहा' म्हणते. हिराबाईंचे चित्र 'घरात येऊ का?' असे विचारते. त्या काळी कुलवंतांच्या दिवाणखान्यात बाईचे गाणे येणे ही साधी गोष्ट नव्हती. बंगाली तबकड्यांवर काही नावांपुढे 'हौशी' अशा अर्थाचा इंग्रजी शब्द छापीत, तो याच शंकेचे निरसन करण्यासाठी. आपल्या घरातल्या आजी-पणजींनी जे गाणे निःशंक मनाने ऐकले, त्या निःशंकपणाच्या घडणीत कागदावरच्या अशा एका चित्राचा वाटा आहे. समाजाचा इतिहास लिहिणाऱ्याने हे पान रद्दीत कसे घालावे?

आता कंपन्यांच्या खुणा पाहा. सगळ्यांत प्रसिद्ध तो भोंग्यापुढे कान देऊन बसलेला कुत्रा. फ्रान्सिस बॅरो नावाच्या इंग्रज चित्रकाराने आपल्या घरच्या निपर नावाच्या कुत्र्याच्या स्मरणार्थ ते चित्र काढले. मूळ चित्रात एडिसनचा फोनोग्राफ होता. १८९९ मध्ये त्यावर नवा रंग चढवून त्या जागी ग्रामोफोन बसवला गेला आणि मग ग्रामोफोन कंपनीने ते चित्र विकत घेतले. या चित्रात ना सूर आहे, ना गायक. तरी यंत्राचा आवाज किती हुबेहूब आहे, हे ते एका शब्दावाचून सांगते. ज्याला अक्षरओळख नाही अशा गिऱ्हाइकालाही ही खूण कळली. कोलंबियाची खूण दोन जोडस्वरांची, ओडियनची पॅरिसच्या नाट्यगृहाच्या घुमटाकृती इमारतीची. अब्दुल करीम खाँसाहेबांचा आवाज आज आपल्यापाशी आहे तो मुख्यतः १९३०-४० च्या दशकात ओडियनने काढलेल्या तबकड्यांमुळे.

गंमत अशी की १९३१ नंतर विलायतेत या तिन्ही खुणांचा मालक एकच झाला. एचएमव्ही आणि कोलंबिया यांचे एकत्रीकरण होऊन ईएमआय ही कंपनी झाली, आणि ओडियन हे नाव आधीच कोलंबियाच्या पंखाखाली आलेले होते. तरी श्रोता आपला भांडतो आहे, आमची कुत्र्याची बरी की तुमची स्वरांची बरी! चित्रे तीन, गल्ला एक. जाहिरातीची ही दुसरी बाजू लपवण्याचे कारण नाही. या मोठ्यांच्या गर्दीत मुंबईची 'यंग इंडिया' ही स्वदेशी तबकडी १९३५ पासून वीसेक वर्षे टिकली. मोठ्या कंपन्यांनी ज्यांना दार उघडले नाही अशा कितीतरी हौशी आणि नवख्या गळ्यांना तिने जागा दिली. आज तरुण मंडळी ज्याला पर्यायी संगीत म्हणतात, त्याचे आपल्याकडचे एक पूर्वज हेच.

एक तांत्रिक गोष्ट ध्यानात घेतल्याखेरीज या पानांचे मोल कळणार नाही. जुनी लाखेची तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेई आणि दहा इंची असली तर एका बाजूस सुमारे तीन मिनिटे वाजे. ती यायची खाकी किंवा रंगीत कागदाच्या पाकिटात. पाकिटाला मध्ये गोल भोक, त्यातून लेबल दिसे. पाकीट सगळ्यांना एकच. त्यावर कंपनीची खूण, पेट्यांची किंवा सुयांची जाहिरात. एखाद्या गाण्याचे स्वतःचे असे चित्र तबकडीवर काढायला जागाच नव्हती. तेव्हा त्या गाण्याला जर कुठे रूप मिळाले असेल, तर ते मासिकाच्या पानावर. पान गेले की गाण्याचे ते एकुलते एक रूप गेले. तबकडी मागे उरते; पण ती प्रथम लोकांसमोर कोणत्या वेषात आली, हे सांगणारा साक्षीदार नाहीसा होतो.

त्या पानाला वाचकाच्या सवयीच्या नजरेशीही जुळवून घ्यावे लागे. ही नजर आपल्या चित्रकारांनी घडवली होती. का. र. मित्र यांच्या 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक १९०९ चा. तेव्हापासून मुखपृष्ठ हा मराठी घरातला एक सणच झाला. दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये 'दीपावली' काढला. दलालांची जोरकस, वळणदार रेषा आणि रघुवीर मुळगावकरांचे तलम रंग यांवर दोन पिढ्यांचे डोळे पोसले. ज्या अंकाचे मुखपृष्ठ असे, त्याच्या आतली जाहिरात गबाळी असून चालत नसे. आणि जिथे चित्र छापणे परवडत नसे, तिथे अक्षर कामाला येई. अक्षराचा हा पराक्रम आपण नाटकांच्या जाहिरातींत पाहिला. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची शीर्षके अशी रेखाटली की नाटक करुण आहे की फार्सिकल, हे नाव वाचण्याआधी अक्षराच्या वळणावरून कळावे. २०२० मध्ये ते गेले. वर्तमानपत्राच्या दोन इंच जागेत, काळ्या शाईच्या बळावर, वेलांटीला लय नि उकाराला डौल देऊन त्यांनी जे साधले, ते पाहिले म्हणजे देवनागरी लिपीला स्वतःचा आवाज आहे याची खात्री पटते. गाण्याच्या जाहिरातीला याहून दुसरे काय हवे?

लांब वाजणारी तबकडी, म्हणजे एलपी, आली आणि चित्राने घर बदलले. अमेरिकेत अलेक्स स्टाइनवाइस या तरुण चित्रकाराने १९४० च्या सुमारास कोलंबियाच्या संचांना स्वतंत्र मुखपृष्ठे देण्याची प्रथा घातली होती. आपल्याकडे ती एलपीबरोबर रुळली. बारा इंच लांब, बारा इंच रुंद असा चौकोन चित्रकाराच्या हाती आला. मासिकातली जाहिरात मग त्या वेष्टनाचीच लहान प्रतिमा होऊ लागली. या काळात एचएमव्हीत एक मराठी माणूस बसला होता, हे आपण विसरू नये. ते गोविंद नारायण जोशी, म्हणजेच भावगीतगायक जी. एन. जोशी. शिवकुमार शर्मा, ब्रिजभूषण काबरा आणि हरिप्रसाद चौरसिया या तीन तरुण वादकांना घेऊन त्यांनी १९६७ च्या सुमारास 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका सिद्ध केली. काश्मिरातल्या एका मेंढपाळाचा दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत रागांतून उलगडायचा, अशी कल्पना. राग तेच, वादनही आपल्याच परंपरेचे. पण वेष्टनावर रागाचे नाव पुढे न करता एक दरी, एक दिवस, एक माणूस पुढे केला. ज्याला अहिरभैरव ठाऊक नाही त्यालाही दरी ठाऊक असते. ती ध्वनिमुद्रिका जगभर गेली. संगीतात तडजोड न करता दाराची चौकट तेवढी रुंद केली, म्हणून गेली. शिवराज्याभिषेकाच्या त्रिशताब्दीच्या वर्षी, १९७४ मध्ये, 'शिवकल्याण राजा' आली, तेव्हाही हेच दिसले. निरनिराळ्या कवींच्या, निरनिराळ्या काळच्या रचना एका नावाच्या छत्राखाली आल्या आणि श्रोत्याने त्या एक ग्रंथ म्हणून स्वीकारल्या.

एक उणीव मात्र इथे नोंदवावीशी वाटते. शास्त्रीय संगीताच्या एलपींच्या पाठीवरचा मजकूर बहुधा इंग्रजीत असे. मराठी घराण्यातला गायक, मराठी श्रोता, मराठी निर्माता. नि मधल्या मध्ये भाषा तिसरीच! भावगीताच्या जाहिरातीत कवी निदान उभा तरी असे. पुढे गायकाचे छायाचित्र जसजसे मोठे होत गेले, तसतसा कवी कोपऱ्यात सरकला, संगीतकार त्याच्याही मागे, आणि सारंगी-तबला वाजवणारा तर पुष्कळदा गायबच. चित्र प्रभावी करण्याच्या नादात श्रेय छाटले गेले, हा दोष चित्रकाराचा नव्हे, विकणाऱ्याचा. पण दोष तो दोषच.

पाश्चात्य देशांत या कलेने पुढे एक विलक्षण वळण घेतले. इंग्लंडात मँचेस्टरला 'फॅक्टरी' नावाची एक लहान कंपनी निघाली. तिने १९७९ मध्ये 'जॉय डिव्हिजन' या तरुणांच्या चमूची पहिली मोठी ध्वनिमुद्रिका काढली. पीटर सॅव्हिल या चित्रकाराने तिच्या काळ्या वेष्टनावर पांढऱ्या रेषांची एक डोंगररांग ठेवली. पुढल्या बाजूला ना चमूचे नाव, ना ध्वनिमुद्रिकेचे. त्या रेषा म्हणजे १९६७ मध्ये सापडलेल्या पहिल्या स्पंदक ताऱ्याच्या लहरींचा आलेख, खगोलशास्त्राच्या कोशातून घेतलेला. नाव न सांगता कुतूहल जागे करायचे, अशी ही रीत. म्युनिकच्या 'ईसीएम' या १९६९ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेनेही धुके, पाणी, ओसाड रस्ता अशा शांत चित्रांवर आपली ओळख उभी केली. या मंडळींपाशी चित्रपट नव्हता, मोठा पैसा नव्हता. त्यांचे भांडवल म्हणजे संयम आणि मोकळी जागा. गर्दीच्या बाजारात जो हळू बोलतो त्याच्याकडे मान वळते, हे त्यांनी ओळखले.

आणि याच सुमारास आपल्या एका गायिकेच्या तबकडीला मानवी इतिहासातले सर्वांत अजब वेष्टन मिळाले होते. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर. १९७७ मध्ये अमेरिकेने सोडलेल्या व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे; तिच्यावर जगभरच्या निवडक संगीतात केसरबाईंची भैरवी आहे. तिचे अ‍ॅल्युमिनियमचे आवरण ज्याच्यासाठी आखले त्याला भाषा येत नाही, लिपी येत नाही, किंबहुना तो आहे की नाही हेही ठाऊक नाही. म्हणून त्यावर फक्त रेखाटने आहेत. तबकडी कशी वाजवावी, आणि चौदा स्पंदक ताऱ्यांच्या संदर्भाने आपला सूर्य कुठे आहे. एका वेष्टनावर तारा आला तो तरुणांचे लक्ष वेधण्यासाठी, दुसऱ्यावर आला तो पत्ता सांगण्यासाठी. पण दोन्हींमागची श्रद्धा एकच. शब्द जिथे पोहोचत नाही तिथे चित्राने गाण्याची शिफारस करता येते.

ही श्रद्धा आज आपल्या घरात उपयोगी पडायची आहे. आपली नातवंडे इंग्रजी शाळेत जातात, शेजारी तेलुगू बोलतात, दोस्तांशी हैदराबादी हिंदी बोलतात. मराठी त्यांना समजते, थोडी बोलताही येते. देवनागरी मात्र पुष्कळांना अडखळत वाचावी लागते. कवितेचे पुस्तक त्यांच्या हाती देऊन काम भागत नाही. पण चांगले चित्र दिसले तर ती थांबतात, हे पाहुण्यांसमोर जुनी एलपी काढणाऱ्या कोणत्याही आजोबांना विचारावे. मुलगा आधी वेष्टन हातात घेतो, उलटसुलट पाहतो, मग विचारतो की हे कोण? हा प्रश्न विचारला गेला म्हणजे अर्धी लढाई जिंकली.

नेमकी हीच वेष्टने आज आक्रसत चालली आहेत. एलपीचा चौकोन १४४ चौरस इंचांचा होता. १९८० नंतर घरोघरी कॅसेट आली. तिच्या दर्शनी कागदाला जेमतेम १० चौरस इंच मिळत. त्यातही गोड काम झाले नाही असे नाही. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊससारख्या संस्थेने शास्त्रीय संगीताच्या कॅसेटी निष्ठेने काढल्या आणि रसिकाने त्या नावावर विश्वास ठेवला. पुढे सीडी आली, तीही मागे पडली. आता गाणे मोबाइलवर येते आणि त्याचे चित्र टपालाच्या तिकिटाएवढे. त्या तिकिटात गायकाचा चेहरा, तीन भडक रंग नि जाड अक्षरे कोंबली जातात. कवीचे नाव शोधायला चार वेळा बोट टेकवावे लागते, नि तरी ते सापडेलच असे नाही. ज्या मासिकांच्या पानांवरून आपण नवे गाणे निवडीत होतो, ती मासिकेच बहुतेक बंद पडली किंवा दुबळी झाली. 'आयुष्यावर बोलू काही'सारखा कार्यक्रम २००३ पासून गावोगाव गेला म्हणून त्यातली गाणी लोकांच्या ओठी बसली. ज्यांना असा दौरा साधत नाही, अशी कितीतरी नवी मराठी गाणी निघतात आणि नल्लकुंट्यातल्या मराठी घराला त्यांचा पत्ताही लागत नाही. सगळे काही हाताशी आहे, पण नाव ठाऊक नसेल तर मागायचे काय? आपली खिडकी बंद झाली ती अशी.

यावर आक्षेप येईल की चांगल्या संगीताला जाहिरात कशाला, ते आपल्या गुणावर चालते. हे वाक्य ऐकायला फार बरे वाटते. पण ते खरे नाही. गुण ऐकल्यावर कळतो, आणि ऐकण्याआधी कोणीतरी सांगावे लागते. मंदिरातल्या कीर्तनालासुद्धा बुवांचे नाव नि वेळ फळ्यावर लिहावी लागते. दुसरा आक्षेप असा की जाहिरात खोटे बोलते. बोलते, कबूल. पण खोटी जाहिरातही कागदपत्रच असते. त्या काळी कोणते खोटे लोकांना गोड वाटत होते, हे तिच्याइतके चोख दुसरे कोण सांगेल? आणि सिनेमाबाहेरच्या गाण्याची जाहिरात इतरांच्या मानाने फारच कमी खोटे बोलली, हे वर दाखवलेच आहे.

मग करावे काय? गोष्टी साध्या आहेत. ज्यांच्या घरी जुन्या मासिकांचे गठ्ठे असतील त्यांनी ते रद्दीवाल्यास देण्यापूर्वी ध्वनिमुद्रिकांच्या जाहिरातींची पाने पाहावीत. आणि ती कापून न काढता शक्यतो अख्खा अंक राखावा, म्हणजे जाहिरात कोणत्या कथेशेजारी, कोणत्या महिन्यात आली हेही कळते. एलपींची वेष्टने तबकडी खराब झाली म्हणून टाकू नयेत. आपल्या शहरात मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, मराठी साहित्य परिषद आहे, तिच्या 'पंचधारा'चे अंक आहेत, विवेकवर्धिनीसारखी शंभरी ओलांडलेली शिक्षणसंस्था आहे. एखाद्या गणेशोत्सवात दोन टेबले मांडून घरोघरची वेष्टने नि जाहिराती एकत्र ठेवल्या, शेजारी ती गाणी वाजवली, तर खर्च फारसा नाही आणि लाभ मोठा आहे. मुंबईत १९९० पासून ध्वनिमुद्रिका-संग्राहकांची संस्था हे काम तबकड्यांसाठी करीत आली. कागदासाठी तसेच काम इथे का होऊ नये? आणि जे जुने अंक संगणकावर चढवले जात आहेत, त्यांत मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत एकही पान गाळू नये, एवढा आग्रह प्रत्येक वर्गणीदाराने धरावा.

नव्या गाण्याच्या निर्मात्यांकडे आणि दिवाळी अंकांच्या संपादकांकडेही एक मागणे आहे. वर्षभरात निघालेल्या सिनेमाबाहेरच्या मराठी गाण्यांसाठी अंकात दोन पाने ठेवावीत. त्यांत चित्रकाराकडून काढून घेतलेले चित्र असावे, हाताने रेखाटलेले अक्षर असावे, आणि कवी, संगीतकार, गायक, वादक अशी चारही नावे सारख्याच टायपात असावीत. गाणे कुठे ऐकता येईल ते खाली लिहावे, जसा पूर्वी क्रमांक लिहीत. दिवाळी अंक आजही टपालाने आपल्या दारात येतो. त्यातले ते पान नातवाच्या हाती पडले आणि चित्र पाहून त्याने फोनवर ते गाणे लावले, तर कवीचे नाव त्याला वाचून दाखवायला आपण आहोतच.